म्हशीमागून चाललेला आमदार

सर्जेराव,

म्हशींच्या विधेयकावरची तुझी दुरुस्ती व्यपगत झाली, म्हणजे आपोआप बाद. विधिमंडळाच्या सचिवालयानं समितीला तसं कळवलं आणि समितीतल्या तुझ्या एका मित्रानं मला फोन करून सांगितलं. सदस्यच हयात नसेल तर त्याच्या नावावरच्या सूचनाही त्याच्याबरोबर जातात, असा नियम आहे. नियम मला माहीत नव्हता असं नाही, वकिलीत केस पांढरे झालेत माझे. पण तू गेलास हे मी स्वतः अजून धड मानलं नव्हतं आणि सरकारी कागदानं ते मानून फाईल पुढं ढकललीसुद्धा. मी त्या बिचाऱ्या माणसावर फोनवरच ओरडले. तो म्हणाला, "मॅडम, नियम मी केलेला नाही." तू असतास तर म्हणाला असतास, "वकीलबाई, आमदारावर ओरडायची सवय तुला मीच लावली."

खरंच तूच लावलीस. लॉ कॉलेजात आपण शेजारी बसायचो, वादविवादाच्या स्पर्धेत मात्र समोरासमोर उभे राहायचो. पुढं मी जिल्हा न्यायालयात काळा कोट घालून उभी राहिले आणि तू पांढरे कपडे घालून मुंबईला गेलास. लोक तुला सर्जेदादा म्हणू लागले, अधिकारी साहेब म्हणू लागले. मी सर्जेराव म्हणत होते तशीच म्हणत राहिले, आणि फार राग आला की सर्ज्या.

अधिवेशन जवळ आलं की विधेयकांचा गठ्ठा काखेत मारून तू संध्याकाळी आमच्या मंगळवार पेठेजवळच्या दूध कट्ट्यावर यायचास. बाहेरगावच्या माणसाला हे खरं वाटत नाही, की कोल्हापुरात भररस्त्यात म्हशी उभ्या असतात, गिऱ्हाईक पेला पुढं करतं आणि गवळी त्यात थेट धार काढून देतो. तिथं अक्काताई आपली हौसा म्हैस घेऊन असायच्या. त्या हौसाखाली बसल्या की तू एक कलम सांगायला घ्यायचास, आणि धार संपायच्या आत ते अक्काताईंना कळलं पाहिजे, हा तुझा दंडक. नाही कळलं तर कलम वाईट. मी म्हणायचे, "कलम चांगलं आहे, तू वाईट सांगतोस." मग आपलं जुंपायचं आणि कट्ट्यावरची माणसं दुसरा पेला मागवायची. आपल्या भांडणानं अक्काताईंचा धंदा वाढला, हे त्या अजूनही सांगतात.

उंच इमारतींतल्या लिफ्टच्या सुरक्षेचं विधेयक आलं होतं, तेव्हाची गंमत आठवते? तू घसा कोरडा करून तपासणी, परवाना, दंड सगळं सांगितलंस. अक्काताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बंद पडली तर मानसं जिन्यानं जातील की. त्येला बिल कशाला?" तू दोन म्हशींच्या धारा होईपर्यंत समजावत होतास. शेवटपर्यंत त्यांना पटलं नाही. तू मात्र सभागृहात जाऊन विधेयकाच्या बाजूनं बोललास. मी चिडवलं की आता तुझा दंडक कुठं गेला. म्हणालास, "अक्काताईनं कधी लिफ्ट बघितली न्हाय गं. मला जनतेचं ऐकायचं असतं, म्हणून काय डोकं गहाण ठेवायचं?"

आणि आमदारांच्या पगारवाढीचं विधेयक! ते तू कट्ट्यावर आणलंच नव्हतंस. चर्चा न होता ते मंजूर झालं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. त्या आठवड्यात तू आलास तोच अक्काताई म्हणाल्या, "दादा, ह्ये एक बिल मात्र धार लागायच्या आदीच पास झालं व्हय?" सगळा कट्टा हसला. तुला एवढं लाजलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी सगळ्यांच्या दुधाचे पैसे तू दिलेस.

मग ते विधेयक आलं, ज्याच्यावरून आपण वर्षभर भांडलो. शहरी भागात जनावरं पाळण्यावर बंधनं घालणारं. परवाना घ्या, गोठा शहराबाहेरच्या ठरवून दिलेल्या पट्ट्यात न्या, नाहीतर जनावर जप्त. तुला ते वाचल्यावर धक्का बसला आणि मला आनंद झाला. आनंद होणारच. आदल्याच वर्षी माझी आई पौर्णिमेला सकाळी विहाराकडं निघालेली, आमच्या बोळाच्या तोंडाशी शेणावरनं घसरली आणि तिचा खुबा मोडला. तू तिला बघायला दवाखान्यात आलास तो हातात दुधाचा तांब्या घेऊन. मी विचारलं, कुठलं दूध? म्हणालास, "हौसाचं." म्हणजे ज्या म्हशीच्या शेणावर आई पडली तिचंच दूध तिला पाजायला आलास! मी तुला दारातूनच घालवणार होते. आईनं मात्र आतून हाक मारली, "आण रं इकडं. पाडलंय तिनं, तर पाजू बी दे की." तुम्ही दोघं हसत बसलात आणि मी एकटी रागावून उभी होते.

तेव्हा माझं म्हणणं काय होतं ते तुला पाठ होतं. शहर माणसांना चालण्यासाठी आहे. म्हातारी माणसं जीव मुठीत धरून रस्त्यावर उतरणार आणि आपण त्याला कोल्हापूरची शान म्हणणार, हे मला मान्य नव्हतं. तुझं म्हणणं, शेणाचा बंदोबस्त करा, मालकाला दंड लावा, पण म्हैस गेली की अक्काताईंची चूल गेली आणि कट्टा गेला. दंड मात्र पहिल्या वेळी लावायचा नाही, आधी समज द्यायची, असा तुझा आग्रह. मी म्हणायचे, समज आईच्या खुब्याला देऊन ये.

विधेयक सभागृहात मांडलं गेलं ती बातमी टीव्हीवर आली आणि कट्ट्यावर हाहाकार झाला. मांडलं म्हणजे झालं, असं सगळ्यांनी धरलं. आता पहाट झाली की गाड्या येणार आणि जनावरं नेणार! दिवस उजाडायच्या आत जो तो आपल्या म्हशी टेम्पोत घालून पै-पाहुण्यांकडं सोडून आला. कुणी पन्हाळ्याच्या पायथ्याला, कुणी करवीरच्या वाड्यावस्त्यांवर, अक्काताई कागलजवळच्या माहेरी. संध्याकाळी कट्ट्यावर गिऱ्हाईकं हातात पेले घेऊन उभी आणि समोर एक म्हैस नाही. कोल्हापूरच्या इतिहासात असं झालं नसेल. लोकांनी तुला मुंबईला फोन लावले. तू कपाळाला हात लावलास, असं तूच मला नंतर सांगितलंस. एवढी वर्षं कलमं समजावलीस आणि विधेयक मांडणं आणि मंजूर होणं यातला फरक सांगायचा राहून गेला होता.

रविवारी तू आलास आणि म्हणालास, "गाडी काढ, हौसाला आणायला जाऊ." मी म्हटलं, "मी विधेयकाच्या बाजूची आहे." म्हणालास, "म्हणून तर चल. विरोधी पक्ष बरोबर असला की काम चोख होतं." आपण गेलो. तिथं हौसा टेम्पोत चढेना. एकदा चढवून आणली होती, ती फसवणूक तिच्या लक्षात होती. पुढून ओढली, मागून रेटली, अक्काताईंनी लाडीगोडी लावली, शिव्या घातल्या. शेवटी तू पायजमा वर खोचलास, कासरा हातात घेतलास आणि म्हणालास, "चल बाई, चालतच जाऊ. दमलीस की बघू."

ते दृश्य मला जन्मभर पुरेल. महामार्गाच्या कडेच्या रस्त्यानं पुढं हौसा, तिच्यामागं आमदार, आमदारामागं बंदुकधारी पोलीस, आणि शेजारून पहिल्या गिअरमध्ये माझी गाडी. जाणारे-येणारे थांबून फोटो काढत होते. कुणीतरी ओरडलं, "सर्जेदादा, पक्ष बदलला काय?" तू कासरा उंच करून दाखवलास. मी खिडकीतून कलमं काढत होते, तू चालता चालता उत्तरं देत होतास, आणि गाडीत मागं बसलेल्या अक्काताई दर थोड्या वेळानं म्हणत होत्या, "भांडा, भांडा, पर तिला सावलीतनं चालवा."

हौसा अर्ध्या वाटेत बसली. रस्त्याकडेला, बाभळीखाली. उठेना. तिला दुसऱ्या टेम्पोत घालून आणावं लागलं, आणि त्या संध्याकाळी तिनं कट्ट्यावर पान्हाच सोडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तू ते बघत उभा राहिलास आणि मला म्हणालास, "शालन, कलम सापडलं."

ते कलम दुरुस्ती म्हणून तू मला लिहायला लावलंस. जनावर हलवण्याआधी मालकाला पर्यायी जागा द्यावी. इथपर्यंत ठीक होतं. पुढं तुला हवं होतं की ती जागा दुभतं जनावर रोज चालत जाऊन-येऊन पान्हा चोरणार नाही एवढ्या अंतरावर असावी. मी पेन खाली ठेवलं. "असं कायद्यात लिहितात का? न्यायाधीश काय करणार, म्हशीची साक्ष काढणार?" "काढू दे की!" असं म्हणून तू टेबलावर थाप मारलीस. मी म्हटलं, किलोमीटर घाल, आकडा घाल. तू म्हणालास, आकडा घातला की अधिकारी नकाशावर पट्टी ठेवतील आणि आकड्याच्या अगदी टोकाला जागा शोधून देतील, मधी महामार्ग असो की ओढा. मी म्हटलं, हे भाषणात शोभतं, कायद्यात शोभत नाही. त्यावर आपण चहा विसरलो.

भाषणात मात्र तू मैदान मारलंस. सत्ताधारी बाकावर बसून सरकारच्याच विधेयकावर बोलायला उठलास. कट्ट्यावर एकाच्या फोनभोवती सगळी गर्दी, मीही टाचा उंच करून बघत होते. "अध्यक्ष महाराज, जनावर हटवायचं कसं, हे या विधेयकात पानंच्या पानं सांगितलंय. ठेवायचं कुठं, ते एका ओळीत नाही. मी परवा एका म्हशीबरोबर चाललोय. ती अर्ध्या वाटेत बसली. मंत्रिमहोदयांनी माझ्याबरोबर यावं, म्हैस त्यांना उरलेलं विधेयक समजावून सांगेल." सभागृह हसलं, मंत्रीही हसले. पक्षाच्या नेत्यांनी नंतर तुला झापलं ते वेगळं. पण विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडं गेलं आणि समितीत तुझं नाव आलं. त्या संध्याकाळी कट्ट्यावर दूध फुकट होतं, आणि मी, विधेयकाची समर्थक, दोन पेले प्यायले.

आपलं शेवटचं बोलणं त्या अंतराबद्दलच होतं, फोनवर. मी आकडा सांगितला, तू तो उडवून लावलास. मी म्हटलं, "समितीत तुला कुणी विचारलं अंतर किती, तर काय सांगशील?" म्हणालास, "ते विचारतील तेव्हा बघू. आता जेवायला बसतोय, पिठलं गार होतंय." फोन ठेवलास. एवढा सगळा मोठा वाद आणि शेवट पिठल्यावर. वहिनी मला नंतर म्हणाल्या, "तुमच्याशी भांडून झालं की त्यांना भूक फार लागायची. त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या." हे ऐकून मला रडू आलं आणि त्यातच हसूही आलं. तुझ्या शेवटच्या जेवणाला माझ्यामुळं चव आली असेल, तर मला आणखी काय हवं?

त्याच रात्री तू गेलास, तुझ्यामागून दुरुस्तीही गेली. मग अक्काताई आणि कट्ट्यावरची चार-पाच माणसं माझ्या दारात आली. समिती लोकांच्या सूचना ऐकायला कोल्हापुरात येणार होती. म्हणाल्या, "दादांचं म्हणणं तुमी मांडा." मी म्हटलं, "अहो, मी तर त्याच्या विरुद्ध होते." अक्काताई म्हणाल्या, "म्हणून तर आलो. त्येनं काय म्हनलं ते तुमच्याबिगर कुनी नीट ऐकलंय? आमी नुसतं हसलो." आईनं आतून काठी आपटली, म्हणजे हो म्हण.

गेल्या आठवड्यात मी समितीपुढं उभी राहिले. तुझ्या बाजूनं. तुझे मुद्दे एकामागून एक असे आले की मलाच नवल वाटलं. मध्येच तुझ्यासारखी टेबलावर थापही मारली, आणि ओशाळून हात मागं घेतला. समितीच्या अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नेमकं विचारलं, "अंतर किती? आकडा सांगा." माझ्या कागदावर आकडा लिहिलेला होता, माझाच. त्याच वेळी शेजारच्या अधिकाऱ्यानं नकाशा पसरला, आणि खरोखर, सर्जेराव, त्यावर पट्टी ठेवली! "इथपर्यंत चालेल का?" म्हणून त्यानं बोट ठेवलं ते थेट बायपासच्या पलीकडं. तुझं म्हणणं मला त्या क्षणी पटलं. तू असताना नाही पटलं, कारण तू असताना पटवून घ्यायची मला घाईच नव्हती. मी कागद उलटा ठेवला आणि म्हटलं, "साहेब, आकडा सांगत नाही. सकाळी कट्ट्यावर या, चालून बघू."

आणि ते आले. बायपासपलीकडच्या त्या जागेपर्यंत हौसामागून चालले. अक्काताई त्यांना सांगत होत्या, "पावणं, धोतर उचला, फुडं शेण हाय." बायपासला हौसा ट्रकांना बुजली, अधिकाऱ्यांनी दोन्ही बाजूंची वाहनं अडवली, तेव्हा कुठं ती पलीकडं गेली. पोचल्यावर अक्काताई खाली बसल्या, सड ओढून ओढून दमल्या. थेंब नाही. अध्यक्ष घाम पुसत रिकामा पेला धरून उभे होते. मग ते म्हणाले, "रोज हे कसं करणार हो ही बाई?" मी त्यांच्या हातातून पेला काढून घेतला आणि तुझ्या कलमाचा कागद दिला.

काल समितीतल्या तुझ्या मित्राचा फोन आला. समितीनं कलम घेतलं. आधी जागा, मग जनावर हलवायचं. आणि जागा ठरवण्याआधी मालकांबरोबर तिथपर्यंत प्रत्यक्ष चालून पाहायचं, असं लिहिलंय. पान्ह्याचा शब्द कायदा खात्यानं कापला, चालणं ठेवलं. अजून सभागृहात जायचंय, मंजूर व्हायचंय. या वेळी हा फरक मी कट्ट्यावर आधीच समजावून सांगितलाय, म्हशी जागच्या जागी आहेत.

मी त्या मित्राला विचारलं, दुरुस्ती कुणाच्या नावावर लागली? म्हणाला, समितीच्या. तुझं नाव अहवालात कुठंच येणार नाही, व्यपगत ते व्यपगत. मी पुन्हा चिडले, पण या वेळी ओरडले नाही. संध्याकाळी कट्ट्यावर जाऊन सांगितलं, कलम आलं, सर्जेरावाचं नाव मात्र नाही. अक्काताईंनी धार थांबवलीसुद्धा नाही. म्हणाल्या, "नाव काय करायचंय? म्हस हाय की हितं."

त्यांना पुरलं. मला नाही पुरत, सर्जेराव. मला तुझं नाव कुठंतरी लिहिलेलं हवं होतं, म्हणून हे लिहिलं.

आणि एक सांगायचं आहे. शेणाचा दंड पहिल्याच वेळी लावायचा, हे माझं कलम मी समितीपुढं वेगळं मांडलं आणि तेही त्यांनी घेतलंय. त्यावर तू काय बोलला असतास ते मला शब्दन् शब्द ठाऊक आहे. तरी एकदा बोल की, सर्ज्या.